तिसरी खोली

ट्रिपचं खूळ मूळचं बॅगवाल्याच्या बायकोचं.

बॅगवाल्याचं बॅगा दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. पुढे फळी टाकली की दुकान उघडलं, फळी उचलली की बंद. चाकं, दांडे, कुलपं, चेनचे रनर, सगळं हाताच्या अंतरावर. देशोदेशी फिरून आलेल्या बॅगा त्याच्या हाताखालून जात आणि तो स्वतः कधी विमानात बसलेला नव्हता. बायको त्याला चिडवायची, "तुमच्यापेक्षा तुमच्या गिऱ्हाइकांच्या बॅगांनी जास्त जग बघितलंय. लाज नाही वाटत त्यांच्यापुढे?"

त्यांची दोस्ती तीन घरांची. दवाखान्यातला कंपाउंडर आणि त्याची बायको, गाडी चालवायला शिकवणारे मास्तर आणि मास्तरीणबाई, आणि हे दोघं. लग्नं नवीन होती तेव्हा तिन्ही बिऱ्हाडं एकाच जिन्यावर भाड्याने राहायची. पुढे घरं बदलली, पण रविवारचा चहा पाळीपाळीने एकेकाकडे, हे कुणी मोडलं नाही.

अशाच एका रविवारी बॅगवाल्याच्या बायकोने जाहीर केलं, की आपण सहाही जण परदेशात जायचं.

मास्तर म्हणाले, "परदेश परवडायला मला आधी सासरा बदलावा लागेल."

"बदला की," मास्तरीणबाई म्हणाल्या. "या टकलाला कोण मुलगी देतो बघू."

पण तिने सगळं शोधून ठेवलं होतं. एक अरबी बोलणारा देश होता. समुद्रकाठी जुनं शहर, अरुंद गल्ल्या. ऐन उन्हाळ्यात तिकडे काळं कुत्रंही फिरकत नाही, म्हणून तेव्हा तिकिटं स्वस्त. हॉटेल घ्यायचंच नाही. जुन्या शहरात एक अख्खं घर भाड्याने मिळत होतं. तीन खोल्या, मध्ये हॉल, स्वयंपाकघर. आपलं आपण रांधायचं, बसने फिरायचं, दुपारी उन्हात घरात पडून राहायचं. "तीन जोडपी, तीन खोल्या," ती म्हणायची. "एक जरी गळलं तरी बाकीच्यांना परवडायचं नाही. आयत्या वेळी कुणी कच खाल्ली तर याद राखा."

मग तीच आजारी पडली, आणि थंडी पडायच्या आत गेली.

दोस्तांनी काही कमी केलं नाही. कंपाउंडर दवाखान्यातली ड्यूटी संपवून रात्री-बेरात्री तिच्या खाटेशी येऊन बसला होता. वहिनी, म्हणजे त्याची बायको, ही तर तिची जिवाभावाची. पुढे महिनाभर वहिनींनीच डबा पाठवला. रविवारचा चहाही पुन्हा सुरू झाला. बॅगवाला जाऊन बसायचा, दोन शब्द बोलायचा, उठायचा. ट्रिपचा विषय मात्र कुणी काढला नाही, आणि त्यानेही नाही.

काढला नाही, पण मनातून गेलाही नव्हता. त्याचा पासपोर्ट तयार होता. त्या घराचे फोटो त्याच्या फोनवर होते. दुकानात काम नसलं की तो तेच बघायचा. निळं दार, हॉलमध्ये खिडकीखाली दिवाण, आणि ती तिसरी खोली, जी तिने हट्टाने स्वतःसाठी ठरवली होती, कारण तिच्या खिडकीतून समुद्राची एक चिंचोळी पट्टी दिसत होती. त्या खोलीत एकदा जाऊन झोपावं, एवढंच त्याला हवं होतं. का, ते त्याला सांगता आलं नसतं. तिने पुढचं म्हणून जे काही ठरवलं होतं, त्यातलं एवढंच शिल्लक होतं. एखाद्या रविवारी कुणीतरी म्हणेल, "चला, जाऊन येऊ," आणि आपण आढेवेढे घेऊन हो म्हणू, असं तो धरून चालला होता.

उन्हं तापायला लागली होती. एके दुपारी स्टेशनमागचा छत्रीवाला बॅग घेऊन आला.

छत्रीवाला छत्र्यांबरोबर बॅगांचीही बारीकसारीक कामं घ्यायचा, पण चाक आणि दांडा त्याला जमत नसे. ती कामं तो बॅगवाल्याकडे आणायचा. गिऱ्हाइकाला पत्ता लागत नसे आणि दोघांनाही चार पैसे सुटत.

"अर्जंट आहे," छत्रीवाला म्हणाला. "बाईंनी डोकं खाल्लंय. दोनदा येऊन गेल्या."

बॅगवाल्याने बॅग पालथी केली आणि त्याचा हात थांबला. मरून रंगाची जुनी बॅग. दांड्यावर हिरवं बटण. मूळ दांडा तुटला तेव्हा भंगारातल्या दुसऱ्या बॅगेचा दांडा त्यानेच बसवला होता, आणि हिरवं बटण बघून वहिनी म्हणाल्या होत्या, "काय हो भाऊजी, माझ्या बॅगेला पोपट केलात!"

"कुठं निघाल्यात बाई?" त्याने विचारलं.

"परदेशात म्हणे. ते अरबी बोलतात तिकडे कुठेतरी. मी म्हटलं, एवढ्या उन्हाळ्यात? तर म्हणाल्या, म्हणूनच स्वस्त आहे. तीन जोडपी मिळून घर घेतलंय." छत्रीवाल्याने घाम पुसला. "मला तर म्हणाल्या, काम तुम्हीच करा, दुसऱ्या कुणाकडे देऊ नका. मी म्हटलं, छे छे, मीच करतो की."

"तीन जोडपी?"

"तीन म्हणाल्या बुवा. का रे?"

"काही नाही. उद्या ने."

छत्रीवाला गेला. बॅगवाला बॅगेकडे बघत बसला. एक जोडपं वहिनी आणि कंपाउंडर. दुसरं मास्तर-मास्तरीणबाई. तिसरं कोण? म्हणजे त्याच्यावाचून सगळं ठरलं होतं. घर तेच, उन्हाळा तोच, युक्तीही तिचीच. फक्त त्याला कळू नये म्हणून बॅग स्टेशनमागे नेऊन टाकली होती. बॅगवाल्यांची कामं एकमेकांकडे कशी फिरतात हे त्या बिचारीला काय ठाऊक.

त्याच्या डोक्यात सणक गेली. चाकाच्या आसाला लांब रिव्हेट लागतो. आखूड घातला तरी बसतो, फिरवून पाहिलं तर गिऱ्हाइकाला कळतही नाही, पण भरलेली बॅग थोडी ओढली की चाक निघून येतं. त्याने डबीतून आखूड रिव्हेट काढला. थोडा वेळ बोटांत धरला. मग ठोकला. बॅग उभी करून ढकलून पाहिली. चाक मऊ लोण्यासारखं फिरलं.

इतक्या वर्षांत त्याने असं काम केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी छत्रीवाला बॅग घेऊन गेला तेव्हा बॅगवाल्याने वर बघितलंच नाही.

त्या रविवारी चहा कंपाउंडरकडे होता. बॅगवाला गेला. जाऊ नये असं मनात होतं, पण पाय गेले.

सगळे होते. वहिनींनी चहा दिला. मास्तर त्यांच्या नव्या शिकाऊ गिऱ्हाइकाची गंमत सांगत होते. "ब्रेक दाबा म्हटलं की बाई डोळे मिटतात. मी म्हटलं, बाई, दोघांपैकी एकाने तरी डोळे उघडे ठेवावेत. मी मिटतो, तुम्ही ठेवा."

सगळे हसले. बॅगवाला म्हणाला, "यंदा सुट्टीत कुठे जाणार वगैरे आहात का कुणी?"

हसू जागच्या जागी थिजलं. कंपाउंडरने कप तोंडाला लावला. "मला कुठली सुट्टी! डॉक्टर लग्नालासुद्धा अर्धा दिवस देतात."

"आम्हीपण घरीच," मास्तर म्हणाले. "गर्मी केवढी आहे."

"हो, गर्मी आहे," बॅगवाला म्हणाला.

दाराआड काहीतरी उभं होतं आणि त्यावर चादर टाकलेली होती. खालून मरून कोपरा दिसत होता. त्याची नजर तिथे गेली, तशी वहिनींचीही गेली. त्या पटकन कप गोळा करायला लागल्या. त्याचा तर अजून भरलेला होता.

बॅगवाल्याला वाटलं होतं आपण गप्प बसू. विमानतळावर चाक निघेल, यांची फजिती होईल, आणि आपल्याला बरं वाटेल. पण समोर वहिनी कप उचलत होत्या, आणि परक्या शहरात भर उन्हात त्या एका चाकावर बॅग ओढताना त्याला दिसायला लागल्या.

"वहिनी," तो म्हणाला, "ती बॅग उद्या दुकानात पाठवून द्या. चाक निघेल."

"कुठली बॅग?" कंपाउंडर म्हणाला.

"चादरीखाली आहे ती. छत्रीवाला चाकाची कामं करत नाही, माझ्याकडे आणतो. चाक मी बसवलंय. आणि मुद्दाम कच्चं बसवलंय."

मास्तरांनी टकलावरून हात फिरवला. "म्हणजे... तिथे विमानतळावर..."

"जिन्यावरच निघालं असतं कदाचित. भरलेली असती तर."

"अहो, पण असं कुणी करतं का?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "आपल्या माणसांशी?"

"मग आपण काय केलं?" वहिनी एकदम म्हणाल्या. "बोला ना. आपण काय केलं?"

बॅगवाला उठला. चपला घालताना त्याला पाठीमागून कंपाउंडरची हाक ऐकू आली, "अरे, थांब, ऐक तर," पण तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः बॅग ओढत आल्या. चाक वाटेतच निघालं होतं. ते त्यांच्या पर्समध्ये होतं. त्यांनी ते फळीवर ठेवलं आणि समोरच्या स्टुलावर बसल्या.

"शिव्या द्या, भाऊजी."

"शिव्यांनी चाक बसत नाही." त्याने बॅग आडवी घेतली आणि जुना रिव्हेट उपटून काढायला लागला. "तिसरं जोडपं कोण?"

"मास्तरीणबाईंचा भाऊ आणि त्याची बायको. नवीनच लग्न झालंय. तिसरी खोली रिकामी ठेवणं परवडत नव्हतं, आणि..." त्या थांबल्या.

"मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं बहुतेक."

"बाकीचे तसंच म्हणतात. की ते नाही म्हणतील, उगाच जखमेवरची खपली कशाला काढा." वहिनींनी पदर बोटाला गुंडाळला. "मी खोटं नाही बोलणार. तुम्ही हो म्हणाल म्हणून मी विचारू दिलं नाही. मीच."

तो हातोडी उचलून तसाच थांबला.

"तुम्ही समोर बसलात की मला तुमच्या शेजारची रिकामी जागा दिसते," त्या म्हणाल्या. "दर रविवारी तुम्ही गेलात की मी मोरीत भांडी घासायच्या निमित्ताने रडते. हे म्हणतात, नळ बंद कर, पाणी वाया जातंय. मला थोडे दिवस हसायचं होतं हो. कुणी ओळखत नाही तिथे जाऊन. तुम्ही असलात तर ते व्हायचं नाही. आणि जायचं तर तिनेच शोधलेल्या घरात जायचं, असंही मला वाटतं. मलाच कळत नाही मला काय होतंय. राग आला?"

"आला."

त्याने लांब रिव्हेट शोधला, आसात घातला आणि ठोकायला लागला. ठोकाठोकीत काही बोलायची सोय नव्हती आणि दोघांनाही ते बरं वाटलं. ठोकून झाल्यावर त्याने चाक धरून जोर लावून ओढून पाहिलं. मग पुन्हा ओढून पाहिलं.

"मला यायचंय, वहिनी," तो बॅगेकडे बघत म्हणाला. "हॉलमध्ये दिवाण आहे. मला खोली नको."

वहिनींनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडवला.

"मी हसेन असं सांगत नाही. पण तुम्ही हसलात तर उठून जाणार नाही, एवढं सांगतो."

"आणि मी रडले तर?"

"तरी नाही जाणार."

त्यांनी डोळे पुसले, उठल्या, बॅगेचा दांडा वर ओढला. "विचारते सगळ्यांना," म्हणाल्या. ना हो म्हणाल्या, ना नाही. दोन पावलं जाऊन मागे वळल्या. "किती झाले?"

"छत्रीवाल्याला दिलेत की."

आठवडाभर कुणाचा फोन नाही. बॅगवाल्याने स्वतःहून केला नाही. आपण तोंड वेंगाडून मागितलं आणि त्यांना आता नाही म्हणणंही जड जात असेल, असं वाटून त्याचा जीव अर्धा व्हायचा. शनिवारी कंपाउंडर दवाखान्यातून परस्पर दुकानावर आला, एवढंच म्हणाला, "उद्या मास्तरांकडे ये. ट्रिपचं बोलायचंय," आणि कुणी पाठीस लागल्यासारखा निघून गेला.

मास्तरांकडे ते नवीन जोडपं आधीच येऊन बसलं होतं. मेहुणा दणकट, मोठ्या आवाजाचा. त्याची बायको किरकोळ अंगाची, परक्या घरात बसावं तशी खुर्चीच्या कडेवर बसलेली. मास्तरांनी ओळख करून दिली, "हे आमचे जुने मित्र. आता हेपण आहेत आपल्याबरोबर. हॉलमध्ये झोपतील म्हणतायत."

"वा! उत्तम," मेहुणा म्हणाला. "जितके जास्त तितकं स्वस्त."

त्याची बायको हसून बॅगवाल्याला म्हणाली, "आणि काकू? त्या नाही येत का?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मास्तरीणबाईंनी भावाकडे बघितलं. भावाच्या चेहऱ्यावरून त्यालाही ठाऊक नव्हतं हे दिसत होतं. कंपाउंडर खिडकीबाहेर बघायला लागला. ज्याची सगळ्यांना धास्ती होती ते बसल्या बसल्या पहिल्याच मिनिटाला झालं होतं. वहिनींनी ओठ घट्ट मिटले.

"ती वारली," बॅगवाला म्हणाला. "गेल्या साली. हे सगळं तिनेच ठरवलेलं. ते घरपण."

"अगं बाई!" मुलीने जीभ चावली. मग अशा वेळी दुसरं कुणीही जे केलं नसतं ते तिने केलं. विषय बदलायच्या ऐवजी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "म्हणजे, काय काय ठरवलं होतं त्यांनी?"

ती गेल्यापासून त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. तो गोंधळला. कुठून सुरुवात करावी कळेना. मग त्याला आठवलं ते त्याने सांगितलं. ती फोनवरून अरबी शिकत होती. बाजारात घासाघीस करता यावी म्हणून. एका रविवारी तिने सगळ्यांची परीक्षा घेतली. ती दुकानदार झाली आणि कंपाउंडरच्याच चपला टेबलावर मांडून त्याला म्हणाली, घ्या विकत. अरबीत भाव करा.

"चपला टेबलावर?" मेहुणा म्हणाला.

"कपबशीच्या शेजारी. 'बिकम' म्हणजे केवढ्याला. एवढंच याला पाठ झालं होतं. ती भाव सांगायची, हा पुन्हा म्हणायचा, बिकम. ती वाढवायची. हा पुन्हा, बिकम. स्वतःच्याच चपलांचा भाव याने नव्या चपलांच्या वर नेऊन ठेवला."

मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. मास्तरांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. वहिनी ताडकन उठून आत गेल्या. आत नळ सुटल्याचा आवाज आला. तो सगळ्यांनी ऐकला. बॅगवाल्यानेही ऐकला आणि तो थांबला.

"सांगा ना," मुलगी म्हणाली. "मग पुढे?"

त्याने आतल्या दाराकडे बघितलं. उठून जाणार नाही असं त्याने कबूल केलं होतं; सांगायचं थांबवण्याबद्दल काही ठरलं नव्हतं. त्याने घसा साफ केला. "मग काय. तिने चपला दिल्याच नाहीत. म्हणाली, परवडत नाही तर दुकानात कशाला आलात. शेवटी हा अनवाणी घरी गेला."

"अनवाणी नव्हते गेले," आतून वहिनींचा आवाज आला. नळ अजून चालूच होता. त्या दारात आल्या. चेहरा ओला, हात ओले. "माझ्या चपला घालून गेले. आणि अनवाणी मी गेले. तुम्हाला कुठलंच धड आठवत नाही, भाऊजी."

"नळ बंद कर," कंपाउंडर म्हणाला.

"चालू राहू दे," वहिनी म्हणाल्या.

या वेळी मास्तर मोकळेपणाने हसले, मग मास्तरीणबाई. बॅगवाल्याला हसू आलं नाही, पण तो बसून राहिला. मेहुण्याच्या बायकोने नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मेहुण्याने मान हलवली, आणि या खेपेला आवाज खाली आणून म्हणाला, "काका, ती खोली तुम्हीच घ्या. आम्ही हॉलमध्ये पडू. आम्हाला काय, कुठेही झोप लागते."

सगळे बॅगवाल्याकडे बघायला लागले. हो म्हणायला तो तोंड उघडणारच होता. मग ती खोली त्याच्या डोळ्यांपुढे आली. खिडकी, समुद्राची पट्टी, दोघांचा रुंद पलंग. आणि पलंगावर तो, एका कडेला, कारण त्याला अजून एका कडेलाच झोपायची सवय होती.

"नको रे," तो म्हणाला. "मला त्या खोलीत एकट्याला झोप नाही लागायची. मी दिवाणावरच बरा."

"यांचं तिकीट काढा आधी," वहिनी पदराला हात पुसत नवऱ्याला म्हणाल्या. "नुसते बसून काय राहिलात?"

कंपाउंडर फोन शोधायला खिसे चाचपायला लागला.